थोडी माया ठेवावी

दिवाळीच्या सुटीत जुने विद्यार्थी भेटायला येतात, हा आम्हा मास्तर मंडळींचा खरा बोनस. कुणी नव्या नोकरीचे पेढे आणतो, कुणी लग्नाची पत्रिका. कुणी नुसताच येतो, चिवड्याची बशी रिकामी करतो आणि जाताना वाकून नमस्कार करतो. पण एखाद्या वर्षी असाही एखादा येतो की त्याच्यापुढची बशी भरलेलीच राहते. त्याला काहीतरी विचारायचे असते, आणि घरातली इतर माणसे उठून जाण्याची तो वाट पाहत असतो.

काही वर्षांपूर्वी पाडव्याच्या दिवशी असाच एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याचे वडील आमच्या गावात शिंपीकाम करतात. दिवाळीआधीचा महिनाभर त्यांच्या यंत्राची खडखड रात्री बारापर्यंत ऐकू येते. मुलगा हुशार. बारावीला त्याने फार चांगले गुण मिळवले आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी असलेली एक शिष्यवृत्ती त्याला मिळाली. वर्षाचे साठ हजार रुपये! गावाने त्याचा सत्कार केला. हार झाला, नारळ झाला, शाल झाली. त्या सभेत मीही चार शब्द बोललो होतो. आता तो जिल्ह्याच्या गावी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकत होता.

करंजीचा कोपरा मोडून तो तसाच हातात धरून तो म्हणाला, "सर, मला पदार्थविज्ञानात गोडी राहिली नाही. मला इतिहास शिकायचाय."

हे काही पाप नव्हे, असे मी त्याला म्हटले. पण त्याचा खरा प्रश्न पुढेच होता. विषय सोडला की शिष्यवृत्ती बंद. त्याच्या खोलीवरच्या मित्राने एक तोड सुचवली होती. नाव बी.एस्सी.लाच राहू द्यावे, पास होण्यापुरता अभ्यास करावा, पैसे घेत राहावे आणि रात्री इतिहास वाचावा. पदवी पदरात पडली की पुढचे पुढे पाहता येईल. "सगळेच असं करतात," असेही तो मित्र म्हणाला होता.

"सर, यात फसवणूक आहे का हो?" मुलाने विचारले.

प्रश्न साठ हजारांचा होता खरा. पण त्याच्या आवाजात मला त्याहून अधिक काहीतरी ऐकू आले. या मुलाला खाल्ल्या मिठाला जागायचे होते. ते किती जागायचे आणि कसे जागायचे, एवढेच त्याला कळत नव्हते. मलाही त्या क्षणी ते कळत होते, असे मी म्हणणार नाही.

आपण दुसऱ्याच्या हाती पैसे ठेवतो त्याच्या अनेक तऱ्हा असतात. त्यांतली एक बक्षीस. शाळेच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या मुलाला आपण पेला देतो. पुढच्या वर्षी तो धावणे सोडून कुस्ती खेळू लागला, म्हणून कोणी तो पेला परत मागत नाही. जे झाले त्याची ती पावती असते. दुसरी तऱ्हा उचलीची. ऊसतोडीला जाणारा मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो, आणि ती घेतली की पुढचे काही महिने त्याचे हातपाय त्याच्या मालकीचे राहत नाहीत. जे व्हायचे आहे त्याची ती आगाऊ किंमत असते. मग शिष्यवृत्ती या दोहोंपैकी कोणती? माझ्या मते सारा घोळ इथेच आहे. सत्काराच्या सभेत आपण ती बक्षीस म्हणून देतो आणि कचेरीच्या वहीत ती उचल म्हणून लिहिली जाते. मुलगा सभेला हजर असतो. वही त्याने वाचलेली नसते.

देणाऱ्याची बाजू लंगडी आहे असे मात्र नव्हे. १९६३ साली आपल्या देशात विज्ञानातील प्रज्ञा हेरण्यासाठी एक परीक्षा सुरू झाली. पहिल्या वर्षी ती दिल्लीपुरतीच होती आणि शिष्यवृत्त्या होत्या अवघ्या दहा. दुसऱ्याच वर्षी ती देशभर गेली आणि शिष्यवृत्त्यांची संख्या साडेतीनशे झाली. मूलभूत विज्ञाने शिकणाऱ्यांनाच त्या मिळत. त्या काळच्या सरकारला धरणे बांधायची होती, प्रयोगशाळा उभारायच्या होत्या. त्यासाठी माणसे हवी होती, म्हणून त्याने पैशाला विषय बांधला. पुढे २००८ मध्ये 'इन्स्पायर' ही योजना आली. बारावीला आपल्या मंडळात वरच्या एक टक्क्यात आलेल्या मुलांनी अभियांत्रिकी आणि वैद्यकाच्या वाटेने न जाता शुद्ध विज्ञानाकडे यावे, यासाठी तिने वर्षाला ८० हजारांची शिष्यवृत्ती ठेवली. त्यांतले ६० हजार रोख आणि २० हजार उन्हाळ्यातल्या संशोधन-प्रकल्पासाठी. ज्या हेतूने थैली उघडली तो हेतूच मुलाने सोडला, तर थैलीचे तोंड आवळले जाणार. यात अन्याय तो कोणता?

शिवाय एक माणूस या हिशेबात नेहमी विसरला जातो. यादीत ज्याच्या नावाखाली रेघ ओढली गेली, त्याच्या लगेच खालचा. एखाद्या आडगावातली मुलगी असेल. तिला मनापासून रसायनशास्त्रच शिकायचे असेल, आणि अर्ध्या टक्क्याने तिचे नाव रेघेखाली गेले असेल. आमचा विद्यार्थी मित्राच्या सल्ल्याने नुसते नाव टिकवून पैसे घेत राहिला असता, तर त्याने सरकारला फसवले असते की नाही हे वकील सांगतील. पण त्या मुलीच्या ताटातले तो जेवत राहिला असता, हे सांगायला वकील लागत नाही. सरकारला चेहरा नसतो, म्हणून त्याचे घेताना आपला हात कापत नाही. त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा, मग कापतो की नाही ते पाहावे.

एवढ्यावर लेख संपवता आला असता, तर माझे काम सोपे झाले असते. पण त्याच दिवाळीत माझ्याकडे दुसरा एक जुना विद्यार्थी येऊन गेला होता. गावातल्या डॉक्टरांचा मुलगा. तो आधी अभियांत्रिकीला गेला, वर्षभराने ते सोडून वाणिज्य शाखेकडे वळला, आणि आता चित्रकला शिकतो आहे. त्याला कोणी फसवणुकीचा प्रश्न विचारला नाही. त्यालाही तो पडला नाही. वडील थोडे रागावले, आई थोडी रडली आणि नव्या वर्गाची फी भरली गेली. लोक म्हणाले, "पोरगा स्वतःला शोधतोय." शिंप्याचा मुलगा विषय बदलतो तेव्हा तेच लोक म्हणतात, "इतके पैसे मिळत होते, आणि बघा याची थेरं!"

म्हणजे मत बदलणे ही आपल्याकडे एक चैन आहे, आणि ती ज्याच्या बापाला परवडते त्यानेच करावी अशी आपली समजूत आहे. गरीब मुलाच्या वाटेतली पैशाची अडचण दूर व्हावी म्हणून शिष्यवृत्ती असते. फीची अडचण ती दूर करतेही. पण चुकण्याचा हक्क मात्र ती श्रीमंताच्या मुलाकडेच राहू देते. आणि सतराव्या वर्षी माणसाला सर्वांत जास्त गरज कशाची असते? बिनबोभाट एकदा चुकता येण्याची.

बरे, ती चूक तरी त्या मुलाची एकट्याची असते का? दहावीला नव्वदाच्या वर गुण मिळाले की मुलाला विज्ञान शाखेकडे ढकलायचे, हा आपल्या घराघरातला कुळाचार झाला आहे. इतिहासाचा तास चालू असताना ज्याचे डोळे चमकतात, त्या मुलालाही आपण म्हणतो, "इतके गुण असताना कलाशाखेला जायचं?" मी स्वतः हे म्हटलेले आहे. या मुलालाही म्हटले होते. त्या अर्जावर सही त्याची होती. पण त्याचा हात धरून ती करवून घेणाऱ्यांत त्याचे वडील होते, सारा गाव होता आणि मी होतो. मग वचन मोडल्याचा दोष एकट्या त्याच्या खात्यावर कसा लिहायचा?

होमी भाभांची हकीगत पुष्कळांना ठाऊक असेल. १९२७ साली ते केंब्रिजला गेले ते यंत्र-अभियांत्रिकी शिकण्यासाठी. परत येऊन त्यांनी टाटांच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची आणि आप्तांची इच्छा होती. तिथे गेल्यावर त्यांचे मन भौतिकशास्त्राकडे ओढले गेले, आणि हे काम माझ्या पिंडाचे नव्हे असे त्यांनी वडिलांना कळवले. वडिलांनी अट घातली की, अभियांत्रिकीची परीक्षा आधी पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो. मग गणित शिकायचा खर्च मी देईन. १९३० साली मुलाने ती अट पुरी केली आणि १९३२ साली गणितातही पहिला वर्ग मिळवला. पुढचा इतिहास साऱ्या देशाला माहीत आहे.

आता गंमत पाहा. भाभांनी जे केले आणि आमच्या विद्यार्थ्याच्या मित्राने जे सुचवले, ते वरवर एकच. ज्यासाठी पैसे घेतले ती परीक्षा द्यायची, आणि मन मात्र दुसरीकडे ठेवायचे. मग एकाला आपण निष्ठा का म्हणतो आणि दुसऱ्याला लबाडी का? फरक एवढाच की तिथे देणाऱ्याला सारे ठाऊक होते. माझ्या मते नीतीचा सारा कस या एवढ्याशा फरकात आहे. विषय बदलणे हा गुन्हा नाही. बदललेले मन लपवून जुन्या मनाच्या नावाने पैसे उचलणे हा गुन्हा आहे. सरकारच्या नियमांतही हा विचार कुठेतरी आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत वर्षानुवर्षे असे कलम होते की, शासनाच्या पूर्वसंमतीवाचून विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द करता येईल आणि दिलेली रक्कम परतही मागता येईल. कलम कडक आहे, पण त्यातला 'पूर्वसंमतीवाचून' हा शब्द पाहावा. आधी विचार, एवढेच तो सांगतो.

पण विचारायचे कुणाला? भाभांना वडिलांना पत्र लिहिता आले. आमच्या विद्यार्थ्याला जो अर्ज भरायचा होता त्यात नाव, जात, उत्पन्न, बँकेचा खातेक्रमांक या साऱ्यांसाठी रकाने होते; "माझे मन बदलले आहे" हे लिहिण्यासाठी रकाना नव्हता. जिथे खरे बोलायला जागाच ठेवलेली नाही, तिथे लोक खोटे बोलतात म्हणून नुसते कपाळावर हात मारून घेण्यात अर्थ नाही.

देणाऱ्याला भीती असते ती पैसा वाया जाण्याची. त्या बाबतीत इतिहासाची साक्ष काढावी. रामानुजन यांना १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली. गणितापलीकडे त्यांचे लक्षच लागेना. ते इंग्रजीत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. पुढे मद्रासच्या महाविद्यालयात जाऊनही त्यांना एफ.ए.ची परीक्षा उतरता आली नाही, आणि १९१२ साली ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत तीस रुपयांवर कारकून झाले. नंतर १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या या माणसाला महिना ७५ रुपयांची संशोधन-शिष्यवृत्ती दिली. पहिल्या वेळी पैसा देणाऱ्याने नियम पाहिला होता. दुसऱ्या वेळी माणूस पाहिला. मधल्या आठ-नऊ वर्षांच्या ओढाताणीची किंमत कोणत्या वहीत लिहायची?

आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण तर घरचेच. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. पुढे केंब्रिजला ते शिकले वनस्पतिशास्त्रासारखी निसर्गविज्ञाने, मग आय.सी.एस. झाले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. संस्कृतच्या नावाने झालेला तो गौरव फुकट गेला म्हणावे, तर याच माणसाने 'मेघदूता'चा मराठी अनुवाद केला. एकदा मनात रुजलेला विषय सोडला म्हणून मरत नाही. तो जमिनीखाली राहतो आणि आपल्या ऋतूत वर येतो.

ही माणसे लोकोत्तर होती. त्यांच्यावरून सगळ्यांसाठी नियम करता येत नाहीत, हे मला मान्य आहे. पण नियम करणाऱ्यांनाही कधीकधी शहाणपण सुचते. विज्ञानाला बांधलेली ती १९६३ ची परीक्षा १९७६ साली मोकळी झाली; समाजशास्त्रे, अभियांत्रिकी आणि वैद्यक शिकणाऱ्यांनाही तिचे दार उघडले, आणि नावातला 'विज्ञान' हा शब्दही गेला. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने चार वर्षांच्या पदवीची जी चौकट जाहीर केली, तिच्यात पहिल्या वर्षानंतर मुख्य विषय बदलण्याची मुभा ठेवली आहे. मात्र आपल्याच विद्याशाखेच्या परिघात. म्हणजे वर्गाचे दार थोडे किलकिले झाले आहे. थैलीची गाठही तेवढी सैल व्हायला नको का?

असो. पाडव्याच्या त्या दिवशी एवढा विचार माझ्यापाशी तयार नव्हता. मी त्या मुलाला म्हणालो, "लपवू नकोस. महाविद्यालयात जाऊन प्राचार्यांना लेखी कळव, पुढचे पैसे घेऊ नकोस, आणि जूनमध्ये बी.ए.ला नाव घाल." सल्ला चोख होता. पण देणारा मी होतो, आणि माझा पगार दर महिन्याला बँकेत जमा होत होता.

त्याने अक्षरशः तसेच केले. शिष्यवृत्ती थांबली. पुढच्या जूनमध्ये त्याने कलाशाखेत पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आणि सायंकाळी एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहू लागला. त्याच वर्षी त्याची धाकटी बहीण बारावी झाली. दोघांचा खर्च घराला झेपेना, म्हणून ती वर्षभर घरी राहिली. वडिलांच्या यंत्राशेजारी दुसरे यंत्र आले, आणि त्या दिवाळीत मला रात्री बारापर्यंत दोन यंत्रांची खडखड ऐकू येत होती. पुढच्या वर्षी ती महाविद्यालयात गेली खरी. पण ते गेलेले वर्ष माझ्या सल्ल्याची किंमत होती, आणि ती सल्ला मागणाऱ्यानेही भरली नाही, देणाऱ्यानेही भरली नाही. ती त्या मुलीने भरली. खरे बोलणे योग्यच होते, हे मी आजही म्हणेन. पण खरेपणाचे बिल नेहमी ज्या घरात पैसे नाहीत त्याच घरी जाते, हे मात्र योग्य नाही.

एकदा सदरा शिवायला टाकायला गेलो असताना मी भीतभीतच त्याच्या वडिलांपाशी हा विषय काढला. मला वाटले होते, ते मला दोष देतील. त्यांनी मान वर न करता माझ्या कापडावर खडूने रेघ मारली आणि म्हणाले, "गुरुजी, पोराचं कापड बेतताना आम्ही आत माया ठेवतो. पोर वाढणारच असतं. माया नसली, तर कापड कितीही भारी असू द्या, वर्षभरात उसवतं."

शिवणीच्या आत मुडपून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी लोक 'माया' म्हणतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

शिष्यवृत्ती देणाऱ्यांकडे माझे मागणे एवढेच आहे. विषयाची अट घालू नका असे मी म्हणत नाही. कापड तुमचे आहे आणि मापही तुम्हीच घ्यायचे आहे. पण सतरा वर्षांच्या मुलाचे माप घेत आहात, हे विसरू नका. पहिल्या वर्षात एकदा, उघडपणे सांगून, विषय बदलण्याची मोकळीक ठेवा. तेवढेही शक्य नसेल, तर निदान मुलगा नव्या वाटेला लागेपर्यंत वर्षभर निम्मी रक्कम चालू ठेवा आणि उरलेली यादीतल्या खालच्या नावाला द्या. आणि ज्याच्यासाठी ही माया ठेवली त्या मुलानेही ती फुकटची समजू नये. कमावता झाला की त्याने आपल्यासारख्या एका मुलाची वर्षभराची फी भरावी. विषय कोणता, हे न विचारता भरावी.

तो मुलगा आता एम.ए. करतो आहे. फार मोठा इतिहासकार होईल की नाही, कोण जाणे. गेल्या पाडव्याला तो आला होता. या वेळी त्याने करंज्या संपवल्या. मी बहिणीची चौकशी केली तेव्हा म्हणाला, "तिची फी या वर्षी मी भरली, सर." मग थोडा हसून म्हणाला, "ती रसायनशास्त्र घेतेय. पण मी तिला सांगून ठेवलंय, पुढे नको वाटलं तर सांग."